प्रसंग क्रमांक चार

"मॅडम, याचा शेवट दुसऱ्या कुणी लिहिलाय का?"

हे त्यांनी विचारलं तेव्हा मी फळा पुसत होते. दुपारच्या चहाला दहा मिनिटं उरली होती. वर्गात जेवणानंतरची सुस्ती होती, पंखा दर फेरीला एकदा अडखळत होता, आणि तीस मुख्याध्यापक सहा-सहाच्या गटांनी टेबलांभोवती बसून मी दिलेला कागद वाचत होते. विचारणारे गृहस्थ बारीक अंगाचे, कुठल्याशा लहान शाळेचे प्रमुख. उकडत असूनही सकाळपासून तपकिरी स्वेटर घालून बसले होते, म्हणून मनातल्या मनात मी त्यांचं नाव स्वेटरवाले सर ठेवलं होतं. तोवर ते एक अक्षर बोलले नव्हते. शाळाप्रमुखांनी अडचणीच्या वेळी योग्य-अयोग्य कसं ठरवावं हे शिकवणारा आमच्या संस्थेचा दोन दिवसांचा वर्ग असतो, आणि निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं तो मीच घेते आहे. पहिल्या दिवशी दुपारी नेहमी प्रसंग क्रमांक चार असतो. तो मला पाठ आहे. एका शाळेत नव्या मुख्याध्यापिका येऊन चार महिने झालेत. दुसऱ्या दिवशी तपासणी आहे. प्रयोगशाळेत आठवीचा तास चालू असताना त्या शिपायाला पाठवून विज्ञानाच्या बाईंना बाहेर बोलावतात. कशासाठी, तर व्हरांड्यातला तक्ता डाव्या भिंतीला लावायचा की उजव्या, हे ठरवायला. त्यात अकरा मिनिटं जातात. तेवढ्यात एक मुलगी जळत्या दिव्यात स्पिरिट ओतते, भडका उडतो, तिची हनुवटी आणि मान भाजते. चौकशी बसते. अधिकारी विचारतात, शिक्षिका वर्गाबाहेर का होत्या? आणि मग शेवटच्या दोन ओळी: मुख्याध्यापिका खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, त्यांना मी बोलावलं होतं. अधिकाऱ्यांनी तशी नोंद केली. खाली बारीक अक्षरात, प्रसंग काल्पनिक आहे.

"का हो?" मी फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

"नाही, आधीचं सगळं डोळ्यांसमोर दिसतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात वाद घालण्याची हौस नव्हती. "ओल्या फडक्याचा वास आहे. तक्त्याचा एक कोपरा सुटून लोंबतोय. टाचणी बोटाला टोचते. आणि मग एकदम, अधिकाऱ्यांनी तशी नोंद केली. संपलं. मी एकदा खरं बोललोय, अशाच एका चौकशीत. त्यानंतर बरंच काय काय होतं, मॅडम. लोक डबा खायला शेजारी बसेनासे होतात. इथे तर काहीच झालेलं नाही."

दोन-चार जण हसले. सोनेरी काड्यांचा चष्मा लावणाऱ्या एक मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर, पर्याय शोधायचेत, परीक्षण लिहायचं नाहीये." मीही हसले. कागदावर जागा पुरली नसेल हो, असं काहीतरी म्हणाले आणि चहाची सुट्टी दहा मिनिटं आधीच दिली.

चहा मी घेतला नाही. व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तो शेवट मीच लिहिला होता, सहा वर्षांपूर्वी, घरी, जेवणाच्या टेबलावर. लिहिताना मला नीट ठाऊक होतं की असं झालं नव्हतं. शिकवायचा कागद आहे, त्यात काय व्हायला हवं ते असावं, इतकाच विचार होता, आणि तो तेव्हा मला प्रामाणिक वाटला होता. पण दर महिन्याला एक वर्ग, दर वर्गाला तीस माणसं, आणि दर वेळी मी तो मोठ्याने वाचून दाखवायची. तिसऱ्या-चौथ्या वर्षी केव्हातरी मला माझी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आठवायला लागला. उठताना गुडघ्यात आलेली कळ आठवायला लागली. अधिकाऱ्यांनी वर केलेल्या भुवया, खिडकीतून येणारा मैदानावरचा गलका, बाईंचा सुटलेला श्वास. हे मी घडवते आहे असं मला एकदाही वाटलं नाही. ते आपोआप येत गेलं, आणि येऊन इतकं पक्कं बसलं की खरं काय झालं होतं त्याला जागाच उरली नाही. अडगळीच्या खोलीत एखादी वस्तू मागे मागे सरकत जावी आणि दार मात्र आपण रोज उघडत असावं, तसं. आणि आज एका माणसाने नुसता कागद वाचून विचारलं, की शेवट दुसऱ्या कुणी लिहिलाय का.

खरं झालं ते असं. अधिकाऱ्यांनी प्रश्न विचारला आणि बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, त्यांच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या आणि ते हात त्यांनी मांडीवर उलटे, आभाळाकडे तोंड करून ठेवले होते. मी अधिकाऱ्यांच्या पेनकडे पाहत होते. पेनच्या टोपणावर दातांचे ठसे होते. एवढा मोठा माणूस, अजून पेन चावतो, असं माझ्या मनात आलं, आणि त्या विचाराला मी घट्ट धरून बसले, बसमध्ये दांडी धरावी तशी. बाई वाट पाहत होत्या. किती वेळ ते सांगता येत नाही. मग त्या म्हणाल्या, "मी बाहेर गेले होते." अधिकारी म्हणाले, "कशासाठी?" त्या म्हणाल्या, "काम होतं." पेन चाललं. त्यांची नेमणूक हंगामी होती आणि कायम करायचं की नाही हे माझ्या शेऱ्यावर होतं. म्हणून त्यांनी मला सांभाळून घेतलं, की मी आता बोलेन, आता बोलेन म्हणून मला वेळ दिला, हे मला कधीच कळलं नाही. महिन्याभराने समितीने त्यांना काढून टाकलं. त्या बैठकीच्या दिवशी मला ताप होता. खरंच होता, नव्व्याण्णव.

उरलेला तास मी कसाबसा काढला. फळ्याच्या वरच्या कडेला मी लिहिलेला एक प्रश्न न पुसता ठेवलेला होता, वर्गाचा तो सगळ्यात गाजलेला प्रश्न: हा निर्णय ज्याच्यावर कोसळणार आहे, त्याच्या तोंडावर तो तुम्ही सांगू शकाल का? अक्षर माझंच, गोल, ठळक, एका रेषेत. माणसं तो आपल्या वह्यांत उतरवून घेत होती. पाच वाजता बस पकडली, आणि माझा थांबा आला तेव्हा उठले नाही. अजून तीन थांबे पुढे एक रक्त तपासायची लॅब आहे. बाई तिथे काम करतात हे मला अकरा वर्षांपासून ठाऊक होतं. एकदा ह्यांचा रिपोर्ट आणायला गेले होते, काचेपलीकडे त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या, आणि मी पायरीवरूनच मागे फिरले होते. ह्यांना सांगितलं, ती लॅब बरी नाही, आपण दुसरीकडे जाऊ. तेव्हापासून आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. हे अजूनही ओळखीच्या लोकांना सांगतात, ती लॅब बरी नाही.

"रिपोर्ट कुणाच्या नावाने?" त्यांनी मान खाली ठेवूनच विचारलं.

"रिपोर्ट नाही न्यायचा," मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं. कानांवरचे केस पांढरे झाले होते, बाकी चेहरा तोच. दचकल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या, "दोघं थांबलेत, त्यांचं देऊन येते." मी बसले, उठले, भिंतीवरचं उपाशीपोटी यावे, पाणी चालेल हे तीनदा वाचलं, पुन्हा बसले. ते दोघं गेल्यावर त्या बाहेर आल्या आणि मधली एक खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर टेकल्या. बसमध्ये मी वाक्य तयार केलं होतं. म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी तुम्हाला वर्गातून बोलावलं होतं, आणि चौकशीत मी ते बोलले नाही."

"मला काय सांगताय?" त्या म्हणाल्या. "मी तिथेच होते."

माफी हा शब्द मी सुरू केला, तर त्यांनी हात जरासा वर केला. "ते राहू द्या. पहिली दोन वर्षं मी वाट पाहिली तुमची. दारात कुणाचं पाऊल वाजलं की वाटायचं, मोठ्या बाई असतील. मग हा कोर्स केला, इथे लागले, मुलगी झाली. वाट पाहायला सवड राहिली नाही. आता आलात तर मी काय करू? चहा विचारू?"

त्या रागावलेल्या नव्हत्या, तेच अवघड होतं. रागावल्या असत्या तर मला ऐकून घेत बसता आलं असतं. मी विचारलं, माझ्याकडून काही होण्यासारखं आहे का. त्यांनी थोडा विचार केला, खरोखर केला, जसा त्या पूर्वी वेळापत्रकातली अडचण सोडवताना करायच्या.

"ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा," त्या म्हणाल्या. "त्या मुलीची आई येते इथे. साखर तपासायला, दर तीन महिन्यांनी, शनिवारी सकाळी. माझ्या हातून सुई टोचून घेत नाही. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा म्हणते, माझ्यासमोर, सगळ्यांच्या देखत. नऊ वर्षं झाली. दुसरं कुणी नसलं तर तशीच उपाशी परत जाते, दुसऱ्या दिवशी येते. मी काही म्हणत नाही. पण त्या दिवशी मग दिवसभर हात नीट चालत नाही माझा."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत त्यांना?"

"मी सांगून काय? म्हणेल, इतक्या वर्षांनी दुसऱ्याच्या गळ्यात घालतेय." त्या उठल्या. "परवा तिची तारीख आहे. साडेसातला येते. उपाशी असते, तेव्हा लांबण लावू नका."

घरी आले तेव्हा हे दिव्याची वायर जोडत बसले होते, टेबलावर पेचकस, चिकटपट्टी पसरून. मी सगळं सांगितलं, उभ्यानेच. ते ऐकत होते आणि वायर सोलत होते. एकवीस वर्षांपूर्वी याच माणसाने मला एक वाक्य दिलं होतं. चौकशीहून घरी येऊन मी रडत होते, तेव्हा हे शेजारी बसून म्हणाले होते, "अगं, तू कुठे खोटं बोललीस? तू फक्त बोलली नाहीस. यात फरक आहे." प्रेमाने म्हणाले होते. त्या वाक्यात मी इतकी वर्षं राहिले. अंगाला बरोबर बसणाऱ्या कपड्यासारखं ते वाक्य होतं, वापरून वापरून मऊ झालेलं. वर्गातसुद्धा मी ते वेगळ्या शब्दांत शिकवते: न बोलणं आणि खोटं बोलणं यांतला फरक, त्यावर अर्ध्या तासाची चर्चा.

"आता कशाला उकरतेस?" हे म्हणाले. "कागद बदल हवं तर. प्रसंग काय, दुसरा लिहिता येईल."

"त्या माझ्याकडे बघत होत्या हो."

"कोण?"

"बाई. चौकशीत."

"जेवून घे आधी," हे म्हणाले आणि दिवा लावून पाहिला. लागला. त्यांना त्याचा आनंद झालेला मला दिसला, आणि तो त्यांनी माझ्यासाठी लपवला, तेही दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात मी वर्गाला सांगितलं. सांगायचं ठरवून गेले नव्हते, किंवा गेले असेन. नवा विषय उघडण्याऐवजी मी प्रसंग क्रमांक चार पुन्हा हातात घेतला, शेवटच्या दोन ओळींवर खडू लागलेल्या बोटाने रेघ मारली आणि म्हणाले, ही मुख्याध्यापिका मी आहे, आणि मी उठले नव्हते. पुढचं आपोआप आलं. पेनचं टोपण, दातांचे ठसे, उलटे ठेवलेले हात. माझा आवाज कुठे थांबत होता, कुठे खाली येत होता, हे मला कळत होतं. सहा वर्षं बोलण्याचा सराव आहे, तो काही कुठे जात नाही. शेवटी मी म्हणाले, "मी खोटं बोलले नाही, मी गप्प राहिले. पण गप्प राहणं हाही निर्णयच असतो." आणि थांबले. पंखा एकदा अडखळला. मग सोनेरी काड्यांच्या मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले आणि टाळी वाजवली. बघता बघता सगळा वर्ग वाजवू लागला. एक जण उभे राहिले. मधल्या सुट्टीत माणसं रांगेने येऊन माझा हात हातात घेत होती. किती धाडस लागतं याला, मॅडम. आमच्या प्रमाणपत्रावर तुमचीच सही हवी, दुसऱ्या कुणाची नको. मी सह्या केल्या, तीस. माझी सही चांगली येत होती.

दुपारी संस्थेचे संचालक दारातून डोकावले. "आजचा वर्ग फार रंगला म्हणे," ते म्हणाले. "मला कळलं. फारच परिणामकारक. दर वेळी असंच घ्या की, दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या सत्राला तसंही माणसं पेंगतात." मी बघते म्हणाले. वह्या आवरताना मला एकदम जाणवलं की पुढच्या महिन्यात ते टोपण मी कुठे आणीन, सुरुवातीला की शेवटी, याचा मी विचार करते आहे. खडू खाली ठेवला, हात धुतले, पुन्हा धुतले. जाताना स्वेटरवाले सर व्हरांड्यात बॅगेची चेन ओढत उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, ते मी पाहिलं होतं.

"त्या बाईंना भेटलात?" त्यांनी विचारलं.

"काल संध्याकाळीच."

"बरं केलंत." चेन अडकली होती, ती त्यांनी मागे घेऊन पुन्हा ओढली. "टाळ्या वाजल्या," ते म्हणाले, टोमणा नसलेल्या आवाजात, जणू कधी न पाहिलेली एक गोष्ट पाहिल्याचं सांगत असावेत. मग नमस्कार करून गेले.

शनिवारी मी सात वाजताच लॅबमध्ये जाऊन बसले. फरशी नुकती पुसलेली होती, काउंटरवर नंबरांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि उपाशी माणसं आपापल्या चिठ्ठीकडे बघत गप्प बसली होती. मुलीची आई साडेसातला दोन मिनिटं कमी असताना आली. मी तिला ओळखलंच नसतं, पण काचेआड बाईंची मान किंचित वळली आणि मी समजले. साठीची, सुकलेली बाई, हातात प्लॅस्टिकची फाइल. चिठ्ठी घेऊन ती बाकावर बसली, आणि मी तिच्या शेजारी जाऊन बसले. बाकाचा कुठलासा स्क्रू सैल होता, आम्ही दोघी जरा हललो.

"तुम्ही मला ओळखलं नसेल," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मोठ्या बाई," ती म्हणाली. "दवाखान्यात आला होतात. फळं आणली होतीत."

लांबण लावायचं नव्हतं. मी म्हणाले, "तुमची मुलगी भाजली त्या दिवशी विज्ञानाच्या बाई आपणहून वर्ग सोडून गेल्या नव्हत्या. मी बोलावलं होतं, एका तक्त्यासाठी. आणि चौकशीत मी गप्प राहिले." आदल्या दिवशी वर्गात हीच वाक्यं किती नीट उभी राहिली होती. इथे ती बाकावर आमच्या दोघींच्या मध्ये पडून राहिली. समोरच्या माणसाने जांभई दिली.

"गप्प कुठे राहिलात?" मुलीची आई म्हणाली.

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगू लागले, चौकशी, अधिकारी.

"तुमची चौकशी मला माहीत नाही. मी दवाखान्यातलं सांगतेय. तुम्ही तर बोललात. पलंगाच्या पायाशी उभ्या राहून म्हणालात, मुलांना टाकून त्या बाई बाहेर भटकायला गेल्या, आम्ही त्यांना सोडणार नाही. मी विचारलंही नव्हतं तुम्हाला. मला तर वाटत होतं, माझ्याच पोरीने काहीतरी आगाऊपणा केला असणार. तेच मी तिला विचारत होते. तुम्ही सांगितलंत तेव्हा मला कळलं, चिडायचं कुणावर ते."

"मी म्हणाले असं?"

"तुम्हीच. भटकायला, असा शब्द होता."

मी शोधू लागले. पलंगाची पांढरी दांडी, तिचे उडालेले पोपडे. फळांच्या पिशवीचा बंद बोटांत रुतत होता, तो आठवला. पिशवी कुठे ठेवायची ते कळत नव्हतं, तेही आठवलं. वाक्य आठवत नव्हतं. शब्द उच्चारताना ओठ जसे हलले असतील तसे मी ते हलवून पाहिले, तरी नाही. पण मग दुसरंच काहीतरी वर आलं. दवाखान्याचा जिना. त्या दिवशी तो जिना उतरताना मला हलकं वाटलं होतं. सकाळपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं, पायऱ्या आपोआप खाली जात असल्यासारखं. एवढं स्पष्ट आठवलं की तळपायांना जाणवलं. आणि ते हलकं कशाने वाटलं होतं, हे एकवीस वर्षांत मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. ह्यांना मी चौकशीचं सांगितलं होतं, दवाखान्याचं नाही. काल वर्गालाही नाही. काल तीस माणसांसमोर मी जे उघडं केलं, ते सुद्धा मला सोसवेल तेवढंच होतं.

"मला आठवत नाही," मी म्हणाले. पण ते आता तितकंसं खरं नव्हतं, म्हणून पुढे म्हणाले, "पण मी म्हणाले असेन. म्हणालेच असेन."

"मला आठवतं," मुलीची आई म्हणाली. फाइल तिने मांडीवर सरळ केली. "पोरगी कधी चिडली नाही त्या बाईंवर. म्हणायची, आई, बाई धावत आल्या, त्यांनीच हातांनी विझवलं मला. मी म्हणायचे, तू गप्प बस, मला मोठ्या बाईंनी सांगितलंय." ती काउंटरकडे पाहत नव्हती. "आता ती चौतीस वर्षांची आहे. अजून सांगते अधूनमधून. मी तिला अजून गप्पच बसवते."

मी म्हटलं, हे सगळं मी शिक्षण खात्याला कळवीन. त्यांच्या कागदांत बाईंवरचा ठपका अजून असणार, तो काढायला लावीन. मुलीला भेटून सांगीन.

"लिहून द्या," ती म्हणाली. "बोललेलं तुम्ही विसरता."

माझ्या पर्समध्ये कागद नव्हता. भिंतीशी तपासणीच्या कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा होता, त्यातला एक घेतला आणि मागच्या बाजूला लिहिलं. विज्ञानाच्या बाईंना तासाच्या मध्येच मी बाहेर बोलावलं होतं. चौकशीत मी ते लपवलं. दवाखान्यात मुलीच्या आईला मी खोटं सांगितलं. अक्षर वाकडं येत होतं, बाक हलत होता. खाली सही केली आणि सवयीने सहीखाली मुख्याध्यापिका लिहायला लागले, मग ते खोडलं. मुलीच्या आईने पिशवीतून चष्मा काढून कागद वाचला, ओठ हलवत, बोट ओळीवर ठेवून. दुसऱ्यांदा वाचला. घडी घातली आणि फाइलमध्ये साखरेच्या रिपोर्टांमागे ठेवला. काल किती माणसांनी माझा हात हातात घेतला होता. आज माझे हात मांडीवर होते आणि त्यांचं काय करावं ते मला कळत नव्हतं.

"सतरा नंबर," बाई दारात येऊन म्हणाल्या. मुलीची आई उठली. बाईंनी तिला पाहिलं आणि सवयीने म्हणाल्या, "थांबा, आतून दुसऱ्यांना पाठवते."

"नको," मुलीची आई म्हणाली. "कोण घेणार ते घ्या लवकर. मला भूक लागलीय."

पडदा अर्धाच ओढलेला होता, त्यामुळे मला बाकावरून दिसत होतं. मुलीची आई खुर्चीत बसली आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. बाईंनी दंडाला पट्टा बांधला, मूठ मिटा म्हणाल्या, कोपराच्या खळगीत बोटाने चाचपत राहिल्या. शीर सापडत नव्हती. एकदा सुई टोचून त्यांनी काढून घेतली, कापूस दाबला. पुन्हा चाचपलं. बाहेर कुणीतरी नंबर किती झाला म्हणून विचारत होतं.

"लागत नाहीये नीट," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "राहू दे, त्यांनाच बोलावते."

मुलीच्या आईने भिंतीवरून नजर काढली. आपल्या हाताकडे पाहिलं, मग हातमोज्यातल्या त्या हातांकडे पाहिलं, बराच वेळ. मग तिने कापूस स्वतः दाबून धरला, खुर्चीत जराशी वळली आणि दुसऱ्या हाताची बाही वर सारली.